पहिल्या पिंपाचं पाणी

१

तिओनगे मंगळवारी सकाळी गेली. सात वर्षांची होती. सोमवारी दुपारपर्यंत अंगणात दोरीच्या उड्या मारत होती. संध्याकाळी उलट्या नि जुलाब सुरू झाले आणि सकाळी दवाखान्याच्या ओसरीवर आईच्या मांडीवरच संपली. दुपारी लिकोंगवेंची म्हातारी आत्या गेली. बुधवारपर्यंत नामिकोको वस्तीतले तेवीस जण दवाखान्यात चटयांवर आडवे झाले होते आणि डॉक्टरांनी कॉलरा म्हणून सांगून टाकलं होतं.

तेवीसच्या तेवीस जण एकाच घरी बसून आले होते. रविवारी बाम्बो लिकोंगवेंची माती झाली, त्या घरी.

मग काय, वस्तीला गुन्हेगार सापडायला कितीसा वेळ लागतो? चार नंबरच्या टपरीवर बादलीनं पाणी विकत बसणारी अमाई नासिबेको. आमच्यात मोठ्या बाईला अमाई म्हणतात, पुरुषाला बाम्बो. लिकोंगवे पाणी समितीचा अध्यक्ष होता आणि वर्षभर या बाईला टपरीवरून उठवायच्या मागे लागला होता. त्याच लिकोंगवेच्या मातीला तिनं पिंपभर पाणी फुकट दिलं. "वैऱ्याच्या घरी फुकट पाणी! कोण देतं हो?" असं जो तो म्हणत होता. कोणी म्हणे तिनं ते नाल्यातून भरलं, कोणी म्हणे त्यात काहीतरी कालवलं. शनिवारी मुखिया आंब्याखाली बैठक घेणार होता. तिथं दोष शाबीत झाला की टपरी जाणार, घर जाणार आणि नासिबेकोला वस्तीबाहेर काढणार. तिला दुसरीकडे जायला जागा नव्हती.

मी लॉसन म्बेंजे. पाणी मंडळात बावीस वर्षं झाली. आमचं अख्खं शहर माझ्या संगणकात आहे, प्रत्येक टाकी, प्रत्येक पाइप, प्रत्येक टपरी. कुठे दाब किती, कुठे क्लोरीन किती उरतो, हे विचारायला साहेबसुद्धा माझ्या टेबलाशी येतात. नामिकोको माझ्या पडद्यावर रात्रंदिवस निळी दिसते. निळी म्हणजे पाइप भरलेला, दाब ठीक.

बुधवारी सकाळी साहेबांनी बोलावलं. "म्बेंजे, जिल्ह्याहून आरोग्य खात्याच्या बाई येतायत. फिरव त्यांना. आपलं पाणी चोख आहे हे दाखव, दुपारी चांगला मासा खाऊ घाल आणि बसमध्ये बसव."

"बरं," म्हणालो. आधीच सांगतो, या गोष्टीत मला साव धरून चालू नका.

२

अमाई काचेपा म्हणजे चांगली भरभक्कम बाई. पायात पुरुषी चपला आणि पर्समध्ये उकडलेले भुईमूग. बोलताना समोरच्याच्या हातावर चार शेंगा ठेवायच्या नि टरफलं स्वतःच्या पर्समध्ये परत टाकायच्या.

"बाम्बो म्बेंजे, मला नकाशे मागाहून दाखवा," त्या म्हणाल्या. "आधी ज्या बाईला सगळे शिव्या घालतायत, तिच्याकडे चला."

नासिबेको टपरीच्या पायरीवर बसली होती. टपरीला मुखियाचं कुलूप. मला पाहून ती उठली नाही, काचेपांना पाहून गुडघे टेकले.

"ऊठ गं. मी काही मुखियाची सासू नाही," काचेपा तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. "शेंगा खा. लिकोंगवे तुझा वैरी होता म्हणतात."

"होता ना! मेला नसता तर अजून असता." नासिबेको फटकळच. "दर बैठकीत माझं नाव काढायचा. त्याच्या मेहुणीला ही टपरी हवी होती. पण अमाई, माणूस मेल्यावर भांडण कोणाशी करायचं? आमच्यात मातीच्या घरी शेजारणीनं पाणी द्यायचंच असतं. मी टपरीवाली. मी नाही दिलं तर कोण देणार?"

"पिंप भरलं कधी?"

"पाणी सुटतं पहाटे पाचला. मी रात्रभर मातीच्या घरी गाणी म्हणत बसले होते, सगळ्या बायका बसतात तशी. म्हणून शनिवारी संध्याकाळीच पिंप नळाखाली लावलं आणि नळ उघडा टाकून गेले. पाणी आलं की आपोआप भरेल. साडेपाचला येऊन पाहते तर काठोकाठ भरून वाहत होतं. तिथल्या मुलींनी हातगाडीवर घालून नेलं."

"रोज असंच भरता?"

"छे! रोज पहिल्या आठ-दहा बादल्या कपड्यांच्या. बायका धुण्याच्या बादल्या पुढे लावतात, प्यायच्या मागे. जुनी सवय आहे आमची. पहिल्या पाण्याला पाइपाचा वास येतो. आणि हल्ली दोन महिने तर नळ आधी कितीतरी वेळ नुसता फुसफुसतो, शिंकतो आणि मग पाणी टाकतो."

काचेपांच्या हातातली शेंग फुटायची थांबली. "फुसफुसतो?"

"उन्हाळ्यात होतं तसं," मी मध्येच बोललो. "चला अमाई, ऊन वाढतंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उठता उठता नासिबेकोला विचारलं, "पिंप भरत होतं तेव्हा इथं कोण होतं?"

"कोणीच नाही." तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "हेच तर सगळे म्हणतात ना अमाई. कोणीच नव्हतं. मग मी काही केलं नाही असं सांगणार कोण?"

३

मातीच्या घरी अजून चटया अंथरलेल्या होत्या. लिकोंगवेची विधवा कोपऱ्यात, आणि मध्ये एनिफा, तिओनगेची आई. ती रडत नव्हती. काचेपा आत आल्या तसं ती म्हणाली, "तिला पकडून न्या. नाहीतर शनिवारपर्यंत थांबायचा माझा विचार नाही."

"बस पोरी," काचेपा म्हणाल्या. "रविवारी काय काय खाल्लं तेवढं सांग."

"मक्याची न्सिमा, घेवडा, वाळकी उसिपा मासळी. सगळ्यांनी खाल्लं."

"रांधलं कोणी?"

मागून पाच-सहा बायका पुढे आल्या. त्यांना काही म्हणजे काही झालेलं नव्हतं, आणि वस्तीत त्यांच्याबद्दलही कुजबुज सुरू होतीच. त्यातली एक तर रडायलाच लागली. "आम्ही चाखून चाखून रांधलं अमाई! देवाशपथ! न्सिमाची खरवडसुद्धा आम्हीच खाल्ली."

"मग रडतेस कशाला? तुझं पोट चांगलं आहे हेच तर मला हवं होतं." काचेपा माझ्याकडे वळल्या. "अन्नात काही असतं तर पहिल्या याच आडव्या झाल्या असत्या. काय गं, तुम्ही पाणी कुठलं प्यायलात?"

"आम्ही पुन्हा टपरीवर गेलो ना. सात वाजता. रांधायला पाणी आणलं नि तिथंच ओंजळीनं प्यायलो. इथलं निळं पिंप चटयांवर बसलेल्या पाहुण्यांसाठी होतं. पेला घालून पीत होते सगळे."

"आणि तिओनगे?"

एनिफानं चटईची कड बोटांनी सारखी केली. "ती पेला भरून भरून सगळ्यांना देत होती. तिला फार आवड होती. मी म्हटलं, कर."

मी बाहेर आलो. पाच मिनिटांनी काचेपा आल्या आणि चालता चालता म्हणाल्या, "घोळ पिंपातच आहे. आणि सात वाजता त्याच नळाचं पाणी पिऊन बायका ठणठणीत आहेत. म्हणजे एकतर त्या बाईनं पिंपात काही घातलं किंवा नळच पाचला एक आणि सातला दुसरं पाणी देतो. रोज पाणी तपासतो तो तुमचा माणूस कुठंय?"

४

यासिनीच्या वहीत रविवारची नोंद होती. टपरी चार, वेळ पाच चाळीस, क्लोरीन शून्य पूर्णांक चार. चोख. सोमवारी चोख, मंगळवारी चोख. मागच्या सहा महिन्यांत एकही आकडा लाल नव्हता.

"घरी बसून लिहितोस ना रे?" काचेपांनी हसत हसत विचारलं.

यासिनी चाळिशीचा, शुक्रवारी नमाज न चुकवणारा माणूस. तो लालबुंद झाला. "अमाई, माझ्या मुलांची शपथ घेऊ का? पावसात, तापात, रोज सायकल मारतो मी!"

"शपथ नको. करून दाखव."

मंडळाच्या आवारातल्या नळाशी तो गेला. नळ उघडला. मनगटावरचं घड्याळ बघत उभा राहिला. पाणी जमिनीवर वाहत होतं, काचेपा शेंगा खात होत्या. तीन मिनिटं झाल्यावर त्यानं बाटली भरली, गोळी टाकली आणि पाणी छान गुलाबी झालं, म्हणजे क्लोरीन पुरेसा.

"वा! आणि आधीचं तीन मिनिटांचं पाणी?"

"ते धरायचं नसतं. नियम आहे. पाणी सुटल्यावर अर्धा तास थांबायचं, मग तीन मिनिटं नळ वाहू द्यायचा, मग नमुना. भिंतीवर लावलंय की."

त्या भिंतीपाशी गेल्या. मला जायची गरज नव्हती. कागदाखाली सही कोणाची आहे ते मला माहीत होतं.

"लॉ. म्बेंजे," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "म्हणजे बाम्बो, तुमच्या मंडळानं पहिल्या अर्ध्या तासाचं पाणी आजवर एकदाही तपासलेलं नाही?"

"सगळीकडे असंच करतात अमाई. नळाच्या तोटीतली घाण नमुन्यात येऊ नये म्हणून."

"तोटी वीतभर असते. अर्धा तास कशाला?"

मी काहीतरी बोललो. जे बोललो त्याला अर्थ नव्हता. यासिनी बिचारा वही छातीशी धरून उभा होता. आपण खोटारडे ठरलो नाही एवढ्यानंच त्याचा जीव भांड्यात पडला होता.

"आता नकाशा दाखवा," काचेपा म्हणाल्या.

५

पडद्यावर नामिकोको निळीशार होती. टाकीपासून निघालेला दोन इंची पाइप, टेकडीच्या वळणावर चावीवाल्याचा व्हॉल्व्ह, मग उतार, मग संडासांच्या मागचा नाला. नाल्यातून पाइप जातो. आणि मग टपरी चार.

"नाल्यापासून टपरी किती लांब?"

"शंभर मीटर."

"तुम्ही हिशेबी माणूस. दोन इंची पाइप, शंभर मीटर. त्यात पाणी किती मावतं?"

मी उत्तर द्यायला उगाच वेळ लावला. ते मला तोंडपाठ होतं. "दोनशे लिटर. जवळपास."

"आणि पिंप?"

"दोनशे लिटरचं."

"आठ-दहा बादल्याही तेवढ्याच होतात," त्या सावकाश म्हणाल्या. "कपड्यांच्या."

खिडकीबाहेर कोणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती काही केल्या सुरू होत नव्हती. काचेपा पडद्याजवळ वाकल्या. "पण हे व्हायला पाइप रिकामा पडायला हवा. भरलेल्या पाइपात नाल्याचं पाणी शिरणार नाही, उलट पाइपातलंच बाहेर गळेल. बरोबर?"

"बरोबर. आणि आमचा पाइप रिकामा पडत नाही," मी म्हणालो. "रात्री पाणी बंद असतं ते नावाला. व्हॉल्व्ह चार आटे उघडा ठेवतो आम्ही. बारीक धार चालू राहते, पाइप भरलेला राहतो. हे बघा, निळा."

"मग टपरीवरचा नळ फुसफुसतो का? भरलेल्या पाइपात हवा कुठून आली?"

मी संगणक बंद केला.

"चावीवाल्याकडे चला," त्या म्हणाल्या.

फोस्टिनो टेकडीच्या पायथ्याशी राहतो. साठीला आलेला, पाच महिन्यांनी निवृत्त होणार. दारात लांबच लांब लोखंडी चावी टेकवून ठेवलेली. त्याच्या बायकोनं आमच्यापुढे गरम पाण्यात लिंबू पिळून ठेवलं.

"चहा नाही होय?" काचेपा हिरमुसल्या. "सकाळपासून डोकं धरलंय माझं."

"आमच्या घरात नसतो अमाई," फोस्टिनो संकोचून म्हणाला आणि आपली वही पुढे केली.

वहीत त्याचं मोठं, शाळकरी अक्षर. रोज रात्री चार आटे. रोज. आणि दोन महिन्यांपूर्वीच्या सहा तारखेला: "आजपासून रात्री पूर्ण बंद. ऑफिसचा फोन."

"ऑफिस म्हणजे कोण?" काचेपांनी विचारलं.

फोस्टिनोनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आणि तो तोंड उघडायच्या आत मी बोललो. "आमच्याकडून असा फोन गेलेला नाही अमाई. अहो, हा पितो. संध्याकाळी चार आटे मोजायचं भान कुठलं? व्हॉल्व्ह आवळून घरी येत असेल नि वहीत काहीबाही लिहीत असेल."

फोस्टिनोच्या निवृत्तीच्या कागदावर साहेबांच्या आधी माझी सही लागणार होती. त्यानं मान खाली घातली, आणि त्याची बायको पेले उचलून आत गेली.

फोन मीच केला होता.

६

का केला, तेही सांगतो. रात्री त्या बारीक धारेतून पाणी गळायचं, नाल्यातल्या सांध्यातून, टेकडीवरच्या भेगांतून. ते दरमहा गळतीच्या आकड्यात दिसायचं नि साहेब माझ्याकडे बघायचे. व्हॉल्व्ह पूर्ण आवळला की रात्रीची गळती शून्य! एका महिन्यात नामिकोकोची गळती निम्म्यावर आली. मला शाबासकीचं पत्र मिळालं, साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. रात्री कोण पाणी पितंय, असं मी मनाशी म्हटलं होतं.

पाइप रिकामा पडेल हे मला माहीत होतं. बावीस वर्षं झाली, मला कसं माहीत नसणार? पण व्हॉल्व्ह आवळल्याचं मी संगणकात घातलंच नाही. तिथं चार आटेच राहू दिले. संगणकातल्या मॉडेलला विचारलं असतं तर नामिकोको लाल दिसली असती, आणि लाल दिसली की फोन करता आला नसता. म्हणून मी विचारलंच नाही.

गुरुवारी सकाळी एनिफानं नासिबेकोला दगड मारला.

टपरीपाशीच. बायका सांगत होत्या, एनिफा शांतपणे चालत आली, वाकली, दगड उचलला आणि दोन हातांवरून कपाळावर मारला. नासिबेकोनं हातसुद्धा वर केला नाही. बारा टाके पडले. डावा डोळा वाचेल की नाही ते डॉक्टर सांगेनात.

मी दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. काचेपा फाटकाशी उभ्या होत्या. आज त्यांनी शेंगा काढल्या नाहीत.

"फोस्टिनो कोणत्या चर्चचा?" त्यांनी विचारलं.

मी बघतच राहिलो.

"मी काल त्याच्या घरातून निघाले तेव्हाच विचारलं, शेजारणीला. अॅडव्हेंटिस्ट आहे. तीस वर्षं. त्या पंथात दारूच काय, चहाही चालत नाही. त्याच्या घरात चहा नाही, कॉफी नाही, आणि तुम्ही म्हणता हा पितो! बाम्बो, खोटं बोलायचं तर माणूस बघून तरी बोलायचं."

"अमाई..."

"थांबा. मला नीट सांगू द्या, म्हणजे चुकलं तर सुधारता येईल. सहा तारखेला व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाला. त्याच महिन्यापासून टपरीचा नळ फुसफुसायला लागला. त्याच महिन्यात तुमच्या विभागाची गळती निम्म्यावर आली. ते पत्र तुमच्या टेबलामागे काचेत लावलंय, मी उभ्या उभ्या वाचलं. चावीवाला पिऊन व्हॉल्व्ह आवळत असेल तर गळती कमी झाल्याबद्दल बक्षीस त्याला मिळायला हवं, तुम्हाला नाही. रात्रभर पाइप रिकामा, नाल्यातल्या सांध्यातून घाण आत. पहाटे पाणी सुटलं की ती सगळी पुढे ढकलली जाते. पहिले दोनशे लिटर. रोज ते कपड्यांवर गेलं म्हणून दोन महिने कोणाला काही झालं नाही. यासिनी जातो तोवर पाणी स्वच्छ. आणि एका रविवारी त्या बाईनं चांगुलपणा केला आणि ते दोनशेच्या दोनशे लिटर एकाच पिंपात गेले."

मी फाटकाला हात टेकला.

"तुम्हाला हे नासिबेकोच्या पायरीवरच कळलं," त्या म्हणाल्या. "ती फुसफुसीचं बोलली तेव्हाच. तुम्ही ऊन वाढतंय म्हणालात."

"हो."

"माझा अहवाल सोमवारी जाईल. त्यात सगळं असेल. पण बैठक शनिवारी आहे, आणि बैठकीत अहवाल चालत नाहीत, माणसं चालतात. फोस्टिनो येणार नाही, शनिवार त्याचा देवाचा वार. तेवढं तुमच्याही लक्षात आलं असेलच."

आलं होतं. बुधवारी त्याच्या दारातच आलं होतं. तो नसेल, कोणी विचारणार नाही, चावीवाल्याच्या नावावर खपून जाईल. स्वतःच्या मनात असलं काही सापडलं की माणसाला स्वतःचीच किळस येते. मला ती आली, पण तरी मी शुक्रवारचा अख्खा दिवस ऑफिसात घालवला. आधी संगणकात व्हॉल्व्ह बंद केला. पहाटेच्या वेळेला नामिकोको लाल झाली, नाल्यापासून टपरीपर्यंत. शंभर मीटर. मग पुन्हा चार आटे उघडले. मग पुन्हा बंद केला. संध्याकाळी फोस्टिनोला फोन करून सांगितलं, आजपासून पुन्हा चार आटे. त्यानं "बरं साहेब" म्हटलं.

७

शनिवारी आंब्याखाली दोन-अडीचशे माणूस होतं. आमच्याकडे बैठकीत सगळे जमिनीवर बसतात. ज्याला बोलायचं तो उठतो, आणि बोलून झालं की मुखिया "बस" म्हणतो तेव्हा बसतो.

नासिबेको एका बाजूला, कपाळाला पट्टी, डोळा झाकलेला. समोरच्या बाजूला एनिफा. आधी लिकोंगवेचा भाऊ बोलला, बराच वेळ. वैर होतं, फुकट पाणी दिलं, एकटीनं भरलं. मुखियानं नासिबेकोला विचारलं, "तुझ्या बाजूनं कोणी आहे?"

ती म्हणाली, "नाही."

काचेपा माझ्यापासून चार माणसं सोडून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी उठलो.

सगळं सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, पण नाला, सांधा, रिकामा पाइप, दोनशे लिटर, सहा तारखेचा फोन, सगळं. फोस्टिनो पीत नाही, तेही सांगितलं. यासिनीच्या वहीचं सांगितलं, नियम माझा होता म्हणून. शाबासकीचं पत्र काचेतून काढून खिशात घेऊन गेलो होतो, ते मुखियाच्या पायाशी ठेवलं. शेवटी म्हणालो, "या बाईनं पिंपात काही घातलं नाही. जे होतं ते माझ्या पाइपातून आलं. पोर माझ्यामुळे गेली. म्हातारीही."

आरडाओरडा होईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. माणसं आपापसांत हळू बोलायला लागली.

एनिफा उठली. माझ्याकडे आली, हातभर अंतरावर. मला वाटलं, मारेल. तिनं मारावं असं वाटत होतं.

"तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"बुधवारी."

"बुधवारी कधी?"

"सकाळी. मातीच्या घरी यायच्या आधी."

ती बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं करत होती. "म्हणजे तुम्ही मातीच्या घरी आलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं. मी म्हणाले, शनिवारपर्यंत थांबणार नाही. ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं."

"माझी पोर गेली ती तुमच्या फोननं. ते मी देवावर सोडीन. तुम्हाला तिचं नावही माहीत नव्हतं तेव्हा." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "पण बुधवारी तुम्ही तोंड उघडलं असतं तर मी गुरुवारी दगड उचलला नसता. या बाईचा डोळा मी फोडला. माझ्या हातानं. रात्रभर माझ्या नवऱ्यासाठी गाणी म्हणत बसली होती ती, दोन वर्षांपूर्वी, तो गेला तेव्हा. ते कोणावर सोडू? सांगा ना बाम्बो, तुम्ही शिकलेले आहात."

ती वळली, नासिबेकोकडे गेली आणि तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. डोकं तिच्या मांडीवर टेकलं. इतके दिवस न रडलेली बाई मग रडली, मोठ्यानं, अंग गदगदून. नासिबेकोनं तिच्या पाठीवर हात ठेवला. कपाळाची पट्टी सरकली होती, तिनं ती दुसऱ्या हातानं धरून ठेवली आणि म्हणाली, "असू दे. असू दे गं." बाकीच्या बायका उठून दोघींभोवती बसल्या.

मुखियानं पत्र उचललं, वाचलं, आणि घडी घालून खाली ठेवलं. नासिबेकोला टपरीची किल्ली परत द्या म्हणून सांगितलं. लोक उठायला लागले. कोणी चटया गुंडाळत होतं, कोणी पोरांना हाका मारत होतं. मी आंब्याखाली उभाच होतो. मला कोणी बस म्हणालं नाही.